कृष्णधवल व्यक्तिचित्रात चेहरा मऊ होतो, पण कपाळावरचे कुंकू नाहीसे होते

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाला 50 वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आजीचे एक कृष्णधवल व्यक्तिचित्र मोठ्या आकारात छापून, चौकट करून द्यावे असा माझा विचार आहे. सकाळी खिडकीपाशी, ऊन थेट आत येत नसताना, 50 मिमीच्या लेन्सने मी तिचे छायाचित्र घेतले असून ते 6000×4000 पिक्सेलचे आहे. संपादनासाठी मी गिंप 2.10 वापरतो.

रंग नुसते काढून टाकले, तेव्हा चेहरा राखाडी आणि निर्जीव दिसू लागला. मग मोनो मिक्सरमध्ये (चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलचे, म्हणजे रंगघटकांचे, प्रमाण ठरवून कृष्णधवल करण्याची सोय) लाल 1 आणि बाकीचे दोन्ही शून्य ठेवले. त्वचा अगदी हवी तशी उजळ आणि मऊ झाली, मात्र कपाळावरचे कुंकू जवळजवळ दिसेनासे झाले. सवाष्ण बाईच्या कपाळावरचे कुंकूच पुसलेले चित्र मी तिच्या हाती कसे देणार? शिवाय जुन्या स्टुडिओतील छायाचित्रांसारखा मऊपणा यावा म्हणून गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) 20 दिला, तर सगळ्या चित्रावर वाफ धरल्यासारखे वाटते आणि डोळ्यांतले तेज जाते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (ऐरोली)

आपण लाल चॅनेल निवडलात हे योग्यच केले. अडचण कुंकवाच्या रंगातच आहे. समजा, 0 (काळा) ते 255 (पूर्ण उजळ) या मोजपट्टीवर त्वचेचे आकडे लाल 190, हिरवा 140, निळा 110 असे आहेत आणि कुंकवाचे लाल 170, हिरवा 30, निळा 40 असे आहेत. लाल चॅनेलमध्ये दोघांत जेमतेम 20 चा फरक उरतो, तर हिरव्यात तो 110 चा असतो. त्वचेवरचे लालसर डाग आणि पुरळ लाल चॅनेलमध्ये नाहीसे होतात, त्याच कारणाने कुंकूही नाहीसे होते. निळ्या चॅनेलच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, कारण त्यात त्वचा काळवंडते, प्रत्येक डाग उठून दिसतो आणि कणही (नॉइज) सर्वाधिक असतात.

म्हणून एकाच मिश्रणावर अवलंबून न राहता मूळ रंगीत लेअरच्या (थराच्या) दोन प्रती कराव्यात. खालच्या प्रतीला मोनो मिक्सरमध्ये लाल 0.7, हिरवा 0.3, निळा 0 असे प्रमाण द्यावे. वरची प्रत केवळ हिरव्या चॅनेलची करून तिला काळा लेअर मास्क (त्यावरच्या काळ्या भागाखालचा थर लपतो, पांढऱ्याखालचा दिसतो) लावावा आणि कडा मऊ असलेल्या पांढऱ्या ब्रशने फक्त कुंकवावर रंगवावे. ब्रश कुंकवापेक्षा किंचित लहान घ्यावा, नाहीतर भोवतालची त्वचाही काळसर होऊन कुंकवाभोवती कडे दिसते. एक विनंती करावीशी वाटते: सुरकुत्यांना हात लावू नये. त्या घालवल्या तर चेहरा आजीचा राहणार नाही.

उत्तर 2 (वाशी)

मी अनेक वर्षे डार्करूममध्ये काम केले आहे, म्हणून मऊपणाविषयी लिहितो. जुन्या सॉफ्ट फोकस लेन्समध्ये चित्र नुसते अस्पष्ट होत नसे. रेषा जागच्या जागी राहत आणि उजळ भागांतला प्रकाश शेजारच्या छायेत पसरत असे. लेन्सवर काळा नायलॉनचा मोजा ताणून बसवला तरी साधारण तोच परिणाम मिळे. हाच मोजा छपाईच्या वेळी एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र पाडणारे यंत्र) धरला, तर मात्र उलट घडत असे, म्हणजे काळोख उजेडात पसरून चित्र उदास दिसे. आपण संपूर्ण लेअर ब्लर केलात, त्यामुळे उजेड आणि काळोख दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि वाफेसारखे वाटते ते यामुळेच.

कृष्णधवल झालेल्या चित्राचे सगळे लेअर एकत्र करून त्याची प्रत काढावी, तिला गॉशियन ब्लर 12 च्या आसपास द्यावा, मोड 'लाइटन ओन्ली' ठेवावा आणि अपारदर्शकता 35 टक्क्यांच्या आत ठेवावी. या मोडमध्ये जिथे ब्लर झालेला भाग मूळ चित्रापेक्षा उजळ असेल तिथेच बदल होतो. मात्र याचमुळे बुबुळे, पापण्या आणि कुंकू फिके पडतील, म्हणून या प्रतीला पांढरा लेअर मास्क लावून त्यावर तेवढा भाग काळ्या ब्रशने झाकावा. ब्लरचा आकडा चित्राच्या आकारावर ठरतो. 1500 पिक्सेल रुंदीच्या प्रतीवर हाच परिणाम 3 ने मिळेल.

प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. हिरव्या चॅनेलचे कुंकू सुरुवातीला शाईच्या ठिपक्यासारखे अगदी काळे दिसत होते, म्हणून त्या लेअरची अपारदर्शकता 60 टक्के केली. आता ते कपाळावर लावलेले वाटते. नथीतल्या मोत्यांभोवती प्रकाशाची हलकीशी प्रभा आली आहे, आणि मास्कवर डोळ्यांचा भाग झाकल्यामुळे त्यांतले खिडकीचे प्रतिबिंब स्पष्ट राहिले आहे. आता छपाईसाठी काही काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर 3 (कोपरी, ठाणे)

होय. पुष्कळ ठिकाणी कृष्णधवल चित्रही रंगीत कागदावरच छापतात आणि त्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. म्हणून आधी 4×6 इंचाची एक प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. यंत्राची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवण्यास दुकानदाराला स्पष्ट सांगावे, कारण ती सुरू राहिल्यास आपण जपलेला करड्या छटांचा तोल बिघडतो. 8×10 इंचासाठी 300 पीपीआयने (दर इंचाला 300 पिक्सेल) 2400×3000 पिक्सेल पुरतात, तेव्हा आपल्या चित्रातून कापून घेण्यास भरपूर जागा आहे. कागद मॅट घ्यावा. त्यावर गडद भाग थोडे अधिक बुडतात, त्यामुळे कर्व्ह्जमध्ये (उजेड-छाया कमीजास्त करण्याची सोय) सावल्या किंचित उचलून मगच फाइल द्यावी. विशेषतः अंबाड्याच्या बाजूचे केस तपासावेत, तिथला तपशील सर्वांत आधी जातो.