पत्र्यांसाठी ६० हजार हवेत, पगारपत्रक नाही. पतसंस्था, बचत गट की गावातला सावकार?

वडापवाला_जत

राम राम मंडळी. जत तालुक्यात पूर्वेकडच्या एका गावात राहतो. वडापची, म्हणजे गावोगावी सीटवर प्रवासी नेणारी जीप आहे, स्वतःची, जुनी, तिच्यावर कर्ज नाही. मागच्या महिन्यात वळवानं घरावरचे अकरा पत्रे उडवले. दोन तर शेजाऱ्याच्या डाळिंबात जाऊन पडले, त्याचंही ऐकून घेतलं. तलाठी पंचनामा करून गेलेत, पैसे यायचे तेव्हा येतील. सध्या चूल ताडपत्रीखाली आणि मृग तोंडावर आलाय.

मिस्त्रीनं पत्रे, अँगल, मजुरी धरून ६० हजारांचा आकडा सांगितलाय. डिझेल जाऊन महिन्याला १४-१५ हजार हातात राहतात, लग्नसराईत थोडे जास्त, पावसाळ्यात कमी. बँकेत गेलो तर साहेबांनी दोनच प्रश्न विचारले, पगारपत्रक आहे का आणि रिटर्न भरता का. दोन्हीला नाही म्हटल्यावर तिसरा विचारलाच नाही. सिबिल काढून बघितलं तर म्हणे इतिहासच नाही. आजवर कुणाचं कर्ज बुडवलं नाही कारण घेतलंच नाही, आणि नेमकं तेच आडवं आलं.

आता समोर आहे ते असं. तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. ती १४ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, १८ महिने, हप्ता ४,०३३. दोन जामीनदार पाहिजेत. शेअर्सचे ३,००० आणि फीचे ६०० आधीच कापणार. गावातला एक जण पाच टक्क्यांनी आजच्या आज देतो म्हणतो, कागदपत्रं काही नकोत, फक्त रस्त्याकडची दहा गुंठे "नावापुरती" त्याच्या नावावर करून द्यायची, पैसे फिटले की परत. जमीन वडिलांच्या नावावर आहे आणि वडील तयार आहेत. तिसरं म्हणजे बायकोचा बचत गट. अकरा जणी, महिन्याला २०० रुपये, पाच वर्षं झाली. तिथं व्याज दोन टक्के.

माझ्या हिशोबानं पाच टक्के १४ पेक्षा कमी, म्हणून सावकाराकडं मन ओढतंय. पण बायको दोन दिवस बोलत नाहीये, म्हणजे काहीतरी चुकतंय. कोण सांगेल?

बांधावरचा

वहिनींचं बरोबर आहे. सावकाराचे पाच टक्के महिन्याचे असतात, भाऊ. पतसंस्थेचे १४ वर्षाचे. गावाकडं "टक्का" म्हटलं की शेकड्याला महिन्याला एक रुपया, हे तुम्हीही जाणता, फक्त गरजेपायी विसरलात. ६० हजारांना पाच टक्के म्हणजे महिन्याला ३,००० नुसतं व्याज. वर्षाला ३६ हजार जातील आणि मुद्दल ६० हजार जागेवरच. ६० टक्के झाले ते.

पण व्याजाचं सोडा. त्या दहा गुंठ्यांवर सही करू नका. वडिलांना आजच्या आज सांगा.

आमच्याकडं हेच झालं. आमच्या आबांनी बहिणीच्या लग्नात ८० हजार घेतले, वीस गुंठ्यांचं खरेदीखत करून दिलं. दुय्यम निबंधकासमोर "पैसे मिळाले का" विचारलं तेव्हा आबांनी "मिळाले" म्हणून मान डोलावली, कारण मिळाले होतेच की. विक्रीचे म्हणून मिळाले असं कागदावर होतंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चार महिन्यांत फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्याचं नाव. पुढं दोन वर्षं आम्ही व्याज भरतच होतो, तेही रोख, एकाही पावतीशिवाय. पैसे परत द्यायला गेलो तर म्हणाला, कसले पैसे, जमीन तर मी विकत घेतलीय.

सावकारीच्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज केलाय. तो व्यवहार खरेदीचा नसून सावकारीचा होता हे सिद्ध झालं तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. सिद्ध कशानं करायचं? पावत्या नाहीत. आबांच्या एका वहीत तारखा आणि आकडे लिहिलेले सापडले, त्यावर सगळी भिस्त. तारखा सुरू आहेत.

चहा_कमी_साखर

बँकेच्या फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात "वडाप" लिहिलं असतं तर साहेबांनी तिसरा प्रश्न नक्की विचारला असता 😄

निवृत्त_सचिव

मी ३१ वर्षं पतसंस्थेत होतो, त्यातली शेवटची अकरा सचिव म्हणून. दोन गोष्टी बोलतो.

तुम्ही हप्ता लिहिलात हे फार बरं केलंत. ६० हजार, १८ महिने, १४ टक्के हे जर घटत्या शिल्लकेवर असेल, म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज, तर हप्ता ३,७१५ च्या आसपास यायला हवा. तुम्हाला ४,०३३ सांगितला. ६० हजारांवर १४ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज १२,६०० होतं. ते आधीच मिळवून १८ नी भागा, बरोबर ४,०३३ येतात. म्हणजे व्याज सपाट धरलंय. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडं चार हजार उरले असतील तरी व्याज पूर्ण साठ हजारांचं चालू. असा १४ टक्के दर घटत्या शिल्लकेच्या हिशोबात २५ टक्क्यांच्या घरात जातो, आणि हातात येणार ५६,४००. शेअर्सचे पैसे परत मिळतात, पण कर्ज फिटल्यावर आणि मागे लागल्यावर.

म्हणून काउंटरवर टक्के विचारू नका. विचारा की व्याज घटत्या शिल्लकेवर आहे का, आणि अठरा महिन्यांत माझ्याकडून एकूण किती घेणार. शाखेतला माणूस चुळबुळ करू लागला तर समजून जा.

दुसरं जामीनदारांचं. आमच्याकडं लोक जामीनदार आणताना म्हणायचे, "सही कर रे, नावाला आहे." नावाला नसते. हप्ते थकले की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते. दिवाणी दाव्यासारखी वर्षं लागत नाहीत त्याला. मग वसुली अधिकारी कर्जदाराच्या दारात जातो आणि जामीनदाराच्याही. बहुतेक वेळा आधी जामीनदाराच्या, कारण तो नोकरदार असतो आणि त्याचा पगार सापडतो. मी स्वतः एका प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून दोन वर्षं कपात करून घेतलीय, चुलतभावाच्या कर्जापायी. ते दोघे भाऊ अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत. तुमच्या मनात कोण आहे जामीन म्हणून?

गावातल्या त्या माणसाला परवाना विचारा. सहायक निबंधकांच्या कार्यालयात परवानाधारक सावकारांची यादी मिळते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली शासनानं ठरवलेले दर आहेत. शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना १५ आणि १८. चक्रवाढ लावता येत नाही, एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, दर भरण्याची पावती द्यावी लागते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महिन्याला पाच टक्के मागणारा परवानाधारक असला तरी कायद्याबाहेर आणि नसला तर आणखीच.

मातीचा_माणूस

वडिलांच्या नावावर जमीन आहे ना, मग विकास सोसायटीतून पीककर्ज उचला की. तीन लाखांपर्यंत बिनव्याजी आहे.

निवृत्त_सचिव

मुदतीत फेडलं तर बिनव्याजी, ते पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. आणि ते पिकासाठी असतं. पत्र्यांवर खर्च केलं तर खतं-बियाणं पुन्हा उधारीवर येतं आणि दुकानदार त्याचं व्याज किमतीतच लावतो. मुदत चुकली की सवलत गेली, शिवाय पुढच्या वर्षीचं कर्ज अडतं. लोक करतात, मला माहीत आहे. मी करा म्हणणार नाही.

सखी_मंगळवेढा

दादा, मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानात, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे, सोळा गट बघते. तुमच्या घरातच कर्जाची सोय असताना तुम्ही तालुकाभर फिरताय, याचं नवल वाटलं नाही. पुरुषांना गट म्हणजे बायकांचं हळदीकुंकू वाटतं.

हिशोब बघा. अकरा जणी, २०० रुपये, ६० महिने म्हणजे नुसती बचतच १ लाख ३२ हजार. त्यावर अंतर्गत कर्जाचं व्याज आलेलं असणार. सगळे पैसे पेटीत नसतील, बायकांकडं फिरत असतील, पण २०-२५ हजार निघायला हरकत नाही. गटाचे दोन टक्केही महिन्याचेच आहेत, वर्षाला २४ होतात, हे आधीच सांगते, नाहीतर पुन्हा १४ शी तुलना कराल. पण ते उरलेल्या मुद्दलावर असतात आणि व्याज जातं गटाच्याच खात्यात, त्यात वहिनींचा वाटा आहे. जामीनदार लागत नाही. बैठकीत वहिनींनी मागणी करायची, कारण घरदुरुस्ती सांगायचं, इतिवृत्तात ठराव लिहायचा, सगळ्यांच्या सह्या.

आणखी एक विचारा. गटाचं बँक लिंकेज, म्हणजे गटाच्या नावावर बँकेचं कर्ज, कधी झालं होतं? जुनं कर्ज फिटलं असेल तर नव्यानं मागता येतं. महिला गटांना तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज व्याज सवलतीत वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं. गट पुढं सभासदाला महिन्याला एक-दीड टक्क्यानं देतो, मधला फरक गटाला राहतो. फक्त त्याला महिना-दीड महिना जातो, तुमचा पाऊस थांबणार नाही.

आता न आवडणारं बोलते. माझ्या सोळापैकी दोन गट कशानं मोडले सांगू? नवऱ्यांनी बायकोच्या नावावर पैसे उचलले आणि बैठकीच्या दिवशी हप्ता द्यायला कुणी घरात नव्हतं. दहा जणींसमोर मान खाली घालून ती बसते, तुम्ही नाही. म्हणून वहिनी बोलत नसतील तर सावकारापायीच असेल असं धरून चालू नका.

आणि खरं सांगा, घरात मायक्रोफायनान्सचा, म्हणजे विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा, एखादा हप्ता चालू आहे का? तुमच्या भागात प्रत्येक वस्तीवर आहे.

वडापवाला_जत

ताई, तुम्ही नेमकं पकडलंत. आहे. गेल्या दिवाळीत तिच्या नावावर ३० हजार घेतले होते, हप्ता २,१५० चा. मी लिहिलं नाही कारण ते "माझं" नाही असं वाटत होतं. काल विचारल्यावर कळलं की मार्च-एप्रिलचे दोन हप्ते तिनं शेळी विकून भरलेत. मला वाटत होतं शेळी भावाला दिली.

जामीन म्हणून मनात मेहुणा होता, झेडपीच्या शाळेत आहे तो. सचिव साहेबांचं वाचून त्याला फोनच केला नाही.

सखी_मंगळवेढा

मग तो हप्ता आधी धरा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असं कर्ज देणाऱ्यानं बघायचं असतं. तो बघो न बघो, तुम्ही बघा. दिवाळीला कमाई झाली तर ते कर्ज मुदतीआधी फेडा, त्याला दंड लावता येत नाही. आणि वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर आला तर परत पाठवा, तेही नियमात आहे. वहिनींना सांगा, बायकांना हे कुणी सांगत नाही.

वडापवाला_जत

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

पतसंस्थेत गेलो होतो. घटत्या शिल्लकेवर हप्ता किती बसेल विचारलं. क्लार्कनं कॅल्क्युलेटर काढला, परत ठेवला आणि मॅनेजरकडं बोट केलं. मॅनेजर म्हणाले, आमच्याकडं असंच चालतं, सगळे असंच घेतात. नमस्कार करून बाहेर आलो.

मग मिस्त्रीला परत बोलावलं आणि या वेळी त्याच्याबरोबर शिडीवर चढलो. अँगल वाकलेत पण सरळ होतात. अकरापैकी चार पत्रे चालण्यासारखे आहेत, डाळिंबातले दोन धरून. आकडा ६० वरून ४१ हजारांवर आला. आधीच चढलो असतो तर एवढं लिहावं लागलं नसतं.

गटाच्या ५ तारखेच्या बैठकीत हिनं मागणी ठेवली. २५ हजार मिळाले, दहा हप्ते, दर महिन्याला २,५०० मुद्दल आणि उरलेल्यावर दोन टक्के. पहिल्या महिन्यात ५०० व्याज, शेवटच्या महिन्यात ५०, एकूण २,७५०. मी वहीत मांडून बघितलं, तिनं न मांडताच सांगितलं. मेहुण्यानं जामीनकीऐवजी १० हजार हातउसने दिले, त्याला तेच सोपं वाटलं. सहा हजार जीपच्या टायरसाठी बाजूला ठेवले होते, ते काढले. टायर अजून दोन महिने ओढतील.

हप्त्याचे पैसे आता मी रोज रात्री डब्यात टाकतो, दिवसाला १८०, त्यात मायक्रोफायनान्सचाही आला. डबा तिच्याकडं.

वडील मात्र नाराज आहेत. सावकार त्यांच्या बरोबरीचा, देवळात रोज भेटतो, त्याला नाही कसं म्हणायचं म्हणून. म्हटलं, माझं नाव सांगा.

आता शेवटचं विचारतो. पत्रा ०.४५ मिमी जाडीचा घ्यावा की ०.५० चा? मिस्त्री पन्नासचाच धरून बसलाय. आमच्याकडं वारं कसलं असतं ते तुम्ही वाचलंतच.