मदत हवी आहे: आठवीच्या अल्जेब्राची निवड

न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, पण आठवीच्या अल्जेब्राला (हा पुढच्या पातळीचा वर्ग, निवडक मुलांनाच मिळतो) त्यातली मोजून तीन-चार. निवड शिक्षकांच्या शिफारशीवर होते (माझ्याही, कबूल).

शनिवारी जादा तास घेतले. ज्यांना गरज तीच येईनात, शनिवारी बस नसते. घरी स्पॅनिशमध्ये पत्रं पाठवली, फरक नाही. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटीने २००५ नंतर हुशार मुलांच्या खास वर्गासाठी दुसरीच्या सरसकट सगळ्यांची चाचणी घेतली, तेव्हा शिफारशीतून सुटलेली बरीच हुशार मुलं सापडली. आमच्याकडे वेगळ्या चाचणीला पैसे नाहीत. राज्याच्या वार्षिक परीक्षेचे गुण तेवढे आहेत.

गुणांवरून थेट प्रवेश, नको असेल तर पालकांनी कळवायचं, अशी पद्धत कुणाच्या शाळेत आहे का? प्रिन्सिपलना कसं पटवलंत?