शवासनात डोळे मिटायला सांगावं का?

प्रश्न: महिला आधारगृहात, म्हणजे अत्याचार सोसून आलेल्या महिलांसाठी, आठवड्यातून एकदा योगवर्ग घ्यायचाय. नेहमीच्या वर्गातलं काय बदलू?

उत्तर १: आधी भाषा. ‘डोळे मिटा, अंग सैल सोडा’ हा हुकूम झाला. ‘वाटलं तर मिटा, नाहीतर नजर जमिनीवर असू दे’ म्हणा. उताणं पडून डोळे मिटले की काहींची छाती धडधडू लागते. शवासन दोन-तीन मिनिटंच. कुशीवर किंवा भिंतीला टेकूनही चालतं.

उत्तर २: हात लावून आसन सुधारणं बंद. विचारूनही नको, कारण शिक्षकाला ‘नको’ म्हणणं जड जातं. पाठीमागून फिरू नका. सतरंज्या अशा घाला की दार सगळ्यांना दिसेल. दिवे मालवू नका, आणि ती मंद बासरी तर नकोच.

उत्तर ३: कुंभक (श्वास रोखणं), भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) टाळा, घुसमट जागी होते. कुणाची नजर शून्यात गेली तर तळवे जमिनीवर दाबायला सुचवा, खोलीतल्या तीन वस्तूंची नावं विचारा. काय घडलं होतं, ते मात्र विचारू नका. आघातानंतरच्या मानसिक त्रासावर योगाचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात ६४ महिला होत्या, १० आठवडे, दर आठवड्याला एक तास; तिथेही योग उपचारांच्या जोडीलाच होता. तेव्हा समुपदेशक हाताशी हवीच.