निळा उजेड दिसतो म्हणून दिवा चांगला, असं नाही

वर एकांनी लिहिलंय की वॉटर प्युरिफायरमधला यूव्हीचा (अतिनील किरणांचा) निळा दिवा पेटतोय तोवर बदलायचं कारण नाही, सर्व्हिसवाले उगाच गळ्यात मारतात. हे अजिबात पटलं नाही. जंतू निकामी करतात ते २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत. साधारण ८ ते ९ हजार तासांनी ते बरेच मंदावतात, निळा उजेड मात्र तसाच राहतो.

दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीबद्दल तर इथे कुणी बोललंच नाही. आमच्याकडे नेरूळला पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर पहिलं पाणी गढूळ येतं, त्यात सोसायटीच्या टाकीतला गाळ. नळी काढून पाहिली की पिवळसर थर बोटाला लागतो. दिवा कोरा करकरीत असला तरी किरण तिथेच अडतात! प्लग काढून, नळ बंद करून नळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवायची, मऊ फडक्याने पुसायची आणि बसवताना फडक्यानेच धरायची, नाहीतर बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो. आणि कृपा करून दिवा उघड्यावर पेटवून बघू नका, डोळ्यांना खरोखर इजा होते.