पीटच्या गोळ्यांवरची पांढरी लव

ताई, बी रुजवायच्या पीटच्या गोळ्यांवर (पीट म्हणजे अर्धवट कुजलेलं शेवाळ, ते दाबून केलेल्या, पाण्यात फुगणाऱ्या चकत्या) पांढरी लव आली म्हणून टोमॅटोची रोपं फेकताय? थांबा. ही बुरशी बहुधा पीटवरच जगते, जिवंत रोपाला धरत नाही. देठ बुडाशी सुतासारखा बारीक होऊन रोप आडवं झालं, तर मात्र तो कोलमडण्याचा रोग. ते गोळीसकट काढा, वाचत नाही.

कोथरूडच्या माझ्या बाल्कनीत जुलैत हेच झालं होतं. चूक माझीच, कोंब आल्यावरही ट्रेवरचं झाकण तसंच आणि ट्रेमध्ये पाणी साचलेलं. (पुण्यातली पावसाळी हवा, त्यात झाकण!) आता बी टोचण्याआधी फुगलेली गोळी हलकेच पिळते, पहिला कोंब दिसताच झाकण काढते. गोळीचा रंग फिका पडल्यावरच खालून पाणी, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकते. लव टूथपिकने खरवडा, लांबून मंद पंखा लावा. दालचिनीची पूडही भुरभुरवून पाहिली, पण गुण आला तो पंख्याचाच.