ब्रिजमध्ये मदत हवी आहे: १ इस्पिक, २ इस्पिक, ३ इस्पिक... पुढे मी काय बोलायला हवं होतं?

पडवीतला_भिडू: लवकर कुणीतरी सांगा. भिडूनं, म्हणजे काकांनी, १ इस्पिक उघडले, मी २ केले, त्यांनी ३ केले, मी ४ बोललो, म्हणजे दहा हातांचा गेम (मोठ्या बक्षिसाची बोली). एक हात कमी पडला. काका म्हणतात, "तीनवर गप्प बसायला काय झालं होतं?" मी म्हणतो, तीन बोललात म्हणजे मला गेमला बोलावलंत. कोण बरोबर? रविवारी चिपळूणला सामना आहे आणि शनिवारपासून आमचं बोलणं बंद आहे.

हुकमी_एक्का: तुमची पानं? काकांची पानं? समोरचे मध्ये बोलले का? व्हल्नरेबल (गेमचं बक्षीस आणि हुकल्याचा दंड दोन्ही जास्त) होतात का? जोड्यांचा खेळ की टीमचा?

पडवीतला_भिडू: समोरचे पासच. आम्ही व्हल्नरेबल, टीमचा खेळ. माझी पानं: इस्पिक राजा-९-४, बदाम एक्का-८-२, चौकट राणी-७-५-३, किलवर ९-६-४. काकांची: इस्पिक एक्का-राणी-८-७-६-२, एकुलता बदाम ५, चौकट राजा-गुलाम-४, किलवर गुलाम-८-३. चौकटचा एक्का आणि तीन किलवर गेले, संपलं.

किलवरची_राणी: तुमचं चार अगदी रास्त. दहा हात होणार असतील आणि तुम्ही तीनवर थांबलात तर १७० गुण, गेम बोललात तर ६२०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी (टीमच्या खेळात गुणांच्या फरकावरून मिळणारे गुण). नऊच हात झाले तर १४० ऐवजी उणे १००, फरक २४०, म्हणजे ६ आयएमपी. १६ मधले ६ पणाला लावायचे, म्हणजे साडेसदतीस टक्के शक्यता असली तरी व्हल्नरेबल गेम बोलावा. शिवाय ९ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) म्हणजे २ इस्पिकच्या उत्तराचं वरचं टोक.

हुकमी_एक्का: हिशोब बरोबर, पण तो बोलावणं आलं असेल तर. काकांकडे ११ पॉइंट आहेत. ११ वर कुणी गेमला बोलावत नाही. त्यांच्याकडे एक बदाम, तुमच्याकडे तीन, म्हणजे समोर नऊ बदाम, आणि पॉइंट दोन्हीकडे वीस-वीस. पास करत बसलेल्या समोरच्याला तीन बदाम बोलायला जागा मिळू नये म्हणून काकांनी वाट अडवली. तुमचे इस्पिक सहा आणि तीन, एकूण नऊ; नऊ हुकूम असतील तर नऊ हातांपर्यंत जावं, हाच तो एकूण हातांचा नियम.

किलवरची_राणी: पण भिडूला ते कसं कळावं? आमच्याकडे एकाच रंगात पुन्हा चढणं म्हणजे सरळ बोलावणंच. वीस वर्षं तसंच खेळतोय, कधी अडलं नाही.

हुकमी_एक्का: तुमच्या भिडूला माहीत आहे म्हणून अडलं नाही. इथे दोघांनी कधी ठरवलंच नव्हतं. आणि ती पानं चार-तीन-तीन-तीन आहेत, कुठलाच रंग आखूड नाही, बोलावणं असतं तरी मी पास केला असता.

मालवणचो_झील: माका वाटता, काका बरोबर आसत. म्हाताऱ्या माणसाक अडवूक येता.

आंबेवाला: पत्ते कागदी वापरता की प्लास्टिकचे? आमच्याकडे गुहागरला जून लागला की कागदी पत्ते एकमेकांना चिकटतात, वाटताना एका जागी दोन पानं जातात आणि मग कुणाकडे चौदा, कुणाकडे बारा. आम्ही टाल्कम पावडर लावून पाहिली, दोन दिवस बरं चालतं, मग त्याचाच लगदा. आता प्लास्टिकचे घेतले, रात्री कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवतो.

पडवीतला_भिडू: पत्त्यांचं नंतर बघू हो. रविवारसाठी काय ठरवू ते सांगा. काका ७२ वर्षांचे आहेत, बाबांचे मित्र, मला पहिली उतारी त्यांनीच शिकवली. त्यांना मी चुकलात असं तोंडावर सांगणार नाही.

मांडवीची_लाट: वय आड येत नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी जोड्यांचं सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. रत्नागिरीला आम्ही ब्लॅकवुड (भिडूला एक्के विचारायची बोली) शिकलो तेव्हा...

हुकमी_एक्का: ब्लॅकवुड कुणी विचारलंय? पडवीतले, असं ठरवा. ३ इस्पिक म्हणजे फक्त अडवणं, उत्तर देणाऱ्यानं पासच करायचा. गेमला बोलवायचं असेल तेव्हा उघडणाऱ्यानं ज्या रंगात मदत हवी तो रंग बोलायचा, ३ किलवर, ३ चौकट किंवा ३ बदाम. त्या रंगात तुमच्याकडे चित्र असेल किंवा तो रंग आखूड असेल तर ४, नुसती तीन बारकी पानं असतील तर ३ इस्पिक. इथे काकांनी ३ किलवर बोलून पाहिलं असतं तरी तुमचे ९-६-४ बघून तीनलाच थांबला असता. आणि ठरवलं ते जोडीच्या बोलींच्या कार्डावर लिहा, समोरच्यांनी विचारलं तर सांगावं लागतं.

किलवरची_राणी: हे चालेल. पण समोरच्यांनी २ बदाम आणि मग ३ बदाम बोलून मधली जागाच खाल्ली तर?

हुकमी_एक्का: तेव्हा ३ इस्पिक म्हणजे नुसती चढाओढ, आणि गेमला बोलवायला डबल (एरवी समोरच्यांची बोली पडेल म्हणून दंड वाढवायची बोली).

पडवीतला_भिडू: आत्ताच काकांकडे जाऊन आलो. पाऊस होता, पडवीत बसवलं, चहा दिला, मी काही बोलायच्या आधी स्वतःच म्हणाले, "तीन बोलताना तुला आधी सांगायला हवं होतं." तीन म्हणजे अडवणं, हे पक्कं झालं, कार्डावर त्यांनीच लिहिलं. डबलचं मात्र पटलं नाही, डबल म्हणजे समोरच्यांना दंडाचा मारच असं म्हणतात. ते उद्या संध्याकाळी पानं मांडून दाखवतो.