बोअरचं पाणी, चिकट केस आणि दहावीचं रसायन

खारपाणवाला_मास्तर:
दर्यापूरकडच्या एका खेड्यात दहावीला विज्ञान शिकवतो. परवा साबणीकरणाचं समीकरण फळ्यावर लिहीत होतो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बोअरच्या पाण्यात साबणानं केस धुतले का चिकट होतात, शाम्पूनं नाही होत. काहून?" झोपलेला वर्ग जागा झाला. आता आठवडाभर केसांवरच शिकवावं म्हणतो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, किल्ली हेडमास्तरांकडे. काय काय करता येईल?

माजी_बाई_वर्धा:
दोन बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं. साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पांढरी साय जास्त. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा क्षार होतो. केसाला चिकटतो तो हाच. शाम्पूतल्या अपमार्जकाची (डिटर्जंटची) अशी साय धरत नाही. मग बोअरच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाका, गाळ बसू द्या, वरच्या नितळ पाण्यात पुन्हा साबण. फेस वाढतो.
चिमट्यात केस आणि कापसाची वात धरून जाळा. वात कागदासारखी जळते, केसाला पीस जाळल्याचा वास. केसात आणि पिसात एकच प्रथिन, केराटिन, गंधकवालं. कॉस्टिक सोड्यात केस विरघळवून दाखवायचा मोह मात्र नको. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

वस्तरा:
सर, म्या दहावी नापास हाव, पण पोट्ट्याहीले माह्या दुकानात धाडा. कुरळ्या केसाले नुसती इस्त्री मारली तं पाण्याचा एक सडाका आला का पुन्हा कुरळा. क्रीमनं सरळ केलेला भिजला तरी सरळच राह्यते, मुळातून नवा येते तोच कुरळा. अन् क्रीमचा वास, बापा! सडक्या अंड्यावानी. दोन बाटल्या क्रमानंच लावा म्हणते एजंट. काहून ते नाही सांगत.

खारपाणवाला_मास्तर:
वस्तराभाऊ, तेच तर माझं पुढचं प्रकरण! इस्त्रीनं फक्त हायड्रोजन बंध हलतात, ते पाण्यानं सुटतात. पहिल्या बाटलीतलं थायोग्लायकोलेट केराटिनमधले गंधक-गंधक बंध तोडतं, दुसरीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते नव्या आकारात जोडतं. तोडणं म्हणजे क्षपण, जोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, दोन्ही तुमच्या खुर्चीत. शनिवारी येतो पोरं घेऊन.
बाई, तुमचा बाटल्यांचा प्रयोग झाला. पोरी लगेच म्हणाल्या, मग सोड्याच्याच पाण्यानं डोकं धुऊ. हळदीचा कागद त्या पाण्यात बुडवला, लाल, म्हणजे अल्कधर्मी. शिकेकाईच्या पाण्यात पिवळाच. केसाला ४.५ ते ५.५ सामू (pH), म्हणजे किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, एवढंच फळ्यावर लिहिलं. जरा वेळानं एकीनं विचारलं, "सर, मंग पावसाचं पाणी साठवाले शाळेतून ड्रम भेटन का?"